घरच्या चित्रणासाठी कॅमेरा कोणता घ्यावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला आहार, आरोग्य किंवा मुलांचे संगोपन असा एखादा विषय बोलायला घ्यावा, ही आपली रीत. यंदा चिटणीसबाईंनी मला विचारले तेव्हा मी कॅमेऱ्याचा विषय सुचवला आणि त्यांनी तो लगेच मान्य केला. त्याचे कारण आपल्याला माहीत आहेच. मंडळाच्या शिलकीतून एक व्हिडिओ कॅमेरा घ्यावा की नाही, यावर मागच्या दोन सभांत पुष्कळ बोलणे झाले. काही जणी म्हणाल्या, घरोघर मोबाईल आहेत, मग हा जादा खर्च कशाला? काहींचे म्हणणे पडले, घ्यायचाच तर सर्वांत भारी घ्यावा, पुन्हा पुन्हा का पैसे घालवायचे? दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. मी शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी नोकरीची वर्षे काढली, त्यामुळे यंत्राची खरेदी म्हटली की मला पहिला प्रश्न सुचतो तो हा, की या यंत्राकडून आपल्याला काम कोणते करून घ्यायचे आहे? आज त्याच प्रश्नाच्या अनुरोधाने चार गोष्टी सांगणार आहे. मंडळाला त्या उपयोगी पडतील आणि ज्यांच्या घरी असा कॅमेरा घेण्याचे चालले आहे त्यांनाही पडतील.

आधी थोडा इतिहास, कारण त्यातच पुढची सावधगिरी आहे. कॅमेरा आणि कॅसेट एकाच पेटीत असलेले, घरच्या माणसाला वापरता येईल असे पहिले यंत्र सोनी कंपनीने १९८३ साली आणले. ते खांद्यावर घ्यावे लागे. १९८५ च्या सुमारास छोट्या आठ मिलिमीटर फितीचे कॅमेरे आले आणि १९९५ मध्ये डीव्ही नावाची अंकीय फीत आली. अमेरिकेतून किंवा आखातातून सुट्टीवर आलेल्या नातलगांच्या हातात आपण पाहिले ते बहुधा यांपैकीच. हाय डेफिनिशन चित्र घेणारा घरगुती कॅमेरा जेव्हीसी कंपनीने २००३ मध्ये काढला. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक यांनी मिळून एव्हीसीएचडी ही पद्धत ठरवली आणि त्यानंतर चित्रण फितीऐवजी हळूहळू चकतीवर आणि कार्डावर जाऊ लागले. पुढच्या दहा वर्षांत मोबाईलमध्येच चांगला कॅमेरा आला आणि घरगुती कॅमकॉर्डरची दुकानातली जागा आक्रसत गेली. आज या जातीचे कॅमेरे थोडे उरले आहेत. पुष्कळदा दुकानातला शिल्लक माल किंवा कोणीतरी वापरलेला कॅमेराच समोर येतो. म्हणून निवड अधिक डोळसपणे करायला हवी.

आता 'हाय डेफिनिशन' म्हणजे काय ते पाहू. पडद्यावरचे चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच असते. ठिपके जितके दाट तितकी रांगोळी रेखीव. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या चित्रात ५७६ ओळी असत आणि डीव्ही फितीवर एका चित्रात सुमारे ४ लाख ठिपके मावत. हाय डेफिनिशनच्या पूर्ण चित्रात १०८० ओळी आणि प्रत्येक ओळीत १९२० ठिपके, म्हणजे २० लाखांवर ठिपके होतात. ही पाचपट वाढ डोळ्यांना चटकन जाणवते. साडीचा काठ, हातावरची मेंदी, केसातला गजरा स्पष्ट दिसतो. त्याच्याही पुढे फोर–के म्हणून जे म्हणतात, त्यात ८० लाखांवर ठिपके असतात. परंतु ३२ इंची टीव्ही आपण आठ-नऊ फुटांवरून पाहतो, आणि तेवढ्या अंतरावरून हाय डेफिनिशनचेही सुटे ठिपके चांगल्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. मग चौपट ठिपक्यांचा घरच्या टीव्हीवर किती उपयोग होणार? त्यासाठी कार्डात जागा मात्र अधिक लागते आणि संगणकही जास्त ताकदीचा लागतो. तेव्हा घरच्या कामाला हाय डेफिनिशन पुरे आहे. त्याहून अधिकाच्या मोहात पडून दुसऱ्या गोष्टींना पैसे कमी पडू देऊ नयेत.

त्या दुसऱ्या गोष्टी कोणत्या, हे नुसते सांगण्यापेक्षा मी तीन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून दाखवते. २०१५ ते २०१७ या काळात ते बाजारात आले, तिन्ही घरगुती आणि हाय डेफिनिशनचेच. पहिला सोनीचा एचडीआर–सीएक्स ४०५, दुसरा पॅनासॉनिकचा एचसी–व्ही १८० आणि तिसरा कॅननचा लेग्रिया एचएफ आर ८०६. खोक्यावरचे मोठे अक्षर वाचले तर तिन्ही सारखेच वाटतात. फरक बारीक अक्षरात आहे.

दुकानात गेले की विक्रेता पहिल्यांदा झूम सांगतो. सोनीचा ३० पट, कॅननचा ३२ पट आणि पॅनासॉनिकचा ५० पट. आपणही भाजीच्या भावासारखा तोच आकडा धरून बसतो. यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. एक म्हणजे, हे आकडे भिंगाच्या खऱ्या झूमचे आहेत की नुसत्या अंकीय झूमचे, ते विचारावे. भिंगाचा झूम लांबची वस्तू खरोखर जवळ आणतो. अंकीय झूम घेतलेले चित्रच ताणून मोठे करतो. पुरी लाटून पोळीएवढी केली तरी कणीक तेवढीच असते, तसा हा प्रकार आहे. दुसरी गोष्ट अशी, की ५० पट झूम हाताने धरून वापरता येत नाही. श्वासाने हात हलला तरी पडद्यावर माणूस लाटेवर असल्यासारखा हेलकावतो. तिन्ही कॅमेऱ्यांत हालचाल सावरण्याची सोय आहे, तरी एवढ्या झूमला तिपाईच लागते. शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून नातवाचा चेहरा टिपायचा असेल, तर ३० पट झूमही पुरून उरतो.

मग घरात कशाची गरज असते? घरात गरज असते ती रुंदीची. हे सहसा कोणी सांगत नाही. आपल्या खोल्या लहान. बारशाला पाळण्याभोवती दहा-बारा जणी उभ्या असतात आणि कॅमेरा घेतलेली मुलगी पाठ भिंतीला टेकवून उभी राहते, आणखी मागे सरायला तिला जागा नसते. अशा वेळी झूम कामाचा नाही, चित्रात मावते किती ते पाहायचे. ही माहिती खोक्यावर किंवा माहितीपत्रकात मिलिमीटरमध्ये दिलेली असते. आकडा जितका लहान तितके चित्र रुंद. सोनीचा आकडा २७ च्या जवळ, पॅनासॉनिकचा २८ आणि कॅननचा साडेअडतीस. नुसते आकडे ऐकून बोध होणार नाही, म्हणून हिशेब करून सांगते. आठ फुटांवरून पहिल्या दोन कॅमेऱ्यांत दहा-साडेदहा फूट रुंदीचा देखावा मावेल, तर तिसऱ्यात साडेसात फुटांच्या आसपास. म्हणजे कडेच्या दोन-तीन जणी चित्राबाहेर राहणार. पुढे फोटो पाहताना "मी कुठे आहे?" असे ज्या विचारतात, त्या याच. यावर भिंगापुढे बसवायचे रुंदीचे जादा भिंग मिळते, पण तो वेगळा खर्च झाला.

दुसरी बाब उजेडाची. कॅमेऱ्यात चित्र जिथे पडते त्या तुकड्याला सेन्सर म्हणतात. सोनी आणि पॅनासॉनिक यांच्या या दोन कॅमेऱ्यांतला सेन्सर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अवघा तीन मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे साबुदाण्याच्या दाण्याएवढा. कॅननचा किंचित मोठा आहे, पण फार नव्हे. एवढ्याशा तुकड्यावर उजेड पडणार तरी किती? म्हणून उन्हात, अंगणात ही यंत्रे सुरेख चित्र देतात आणि समईच्या उजेडात चित्रावर वाळू भुरभुरल्यासारखे कण दिसतात. याला उपाय फुकटचा आहे. ज्याचे चित्र घ्यायचे त्याला खिडकीकडे तोंड करून बसवावे. कॅमेरेवाल्याची पाठ खिडकीकडे असावी. रात्रीचा कार्यक्रम असेल तर घरातले सगळे दिवे लावावेत आणि भिंतीकडे वळवलेला एक जादा दिवा ठेवावा. आरतीच्या वेळी दिवे मालवण्याची हौस असेल, तर आधी दिव्यांत चित्रण करून घ्यावे आणि मग मालवावेत.

उजेडाचाच आणखी एक प्रकार आपल्याकडे विशेष आढळतो, कारण आपल्यापैकी अनेकींची मुले परदेशी आहेत. अमेरिकेहून येणारा कॅमेरा तिथल्या विजेच्या हिशेबाने सेकंदाला ६० चित्रे घेण्याच्या बेताने केलेला असतो. आपली वीज ५० आवर्तनांची. त्यामुळे आपल्याकडची जुनी चोकवाली ट्यूबलाईट सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक उजळते. ते आपल्या डोळ्यांना कळत नाही, पण त्या कॅमेऱ्याला कळते, आणि सबंध चित्रण लुकलुकत राहते. काही एलईडी दिव्यांतही असे होते. लोक समजतात, कॅमेरा बिघडला. तसे नसते. कॅमेऱ्यात शटरचा वेग हाताने ठरवण्याची सोय असेल तर तो पन्नासावा किंवा शंभरावा भाग असा ठेवावा, म्हणजे लुकलुक पुष्कळ कमी होते. नवीन घ्यायचा असेल तर मात्र मुलाला सांगावे, बाबा रे, तिकडून आणू नकोस, इथल्या पद्धतीचा, ५० चित्रांचा मी इथेच घेते.

आता सर्वांत महत्त्वाच्या बाबीकडे येते. ती म्हणजे आवाज. आमच्या शेजारच्या इमारतीत एक बाई राहतात. त्यांच्या सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी येत. सासूबाई असताना एका सुट्टीत घरच्यांनी हौसेने त्यांचे चित्रण केले. त्या गेल्यावर काही वर्षांनी ती फीत लावून पाहण्याचा योग आला, तेव्हा मीही तिथे होते. चित्र उत्तम होते. नऊवारीची किनार दिसत होती, हातातल्या पाटल्या दिसत होत्या, ओठ हलताना दिसत होते. पण डोक्यावर पंखा गरगरत होता, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि कॅमेरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. ओव्यांमधला एखादा शब्द कळे, पुढचा बुडून जाई. बाई उठून टीव्हीला कान लावून बसल्या. चित्र थोडे अंधूक असते तर चालले असते, ओवी ऐकू यायला हवी होती.

कॅमेऱ्याला जोडलेला मायक्रोफोन जवळचा आवाज आधी घेतो, मग तो पंख्याचा असो की कॅमेरा धरणाऱ्याच्या श्वासाचा. माणूस दूर असेल तर त्याचा आवाज झपाट्याने क्षीण होत जातो. म्हणून चांगल्या आवाजासाठी मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या जवळ हवा. पदराला लावायचा छोटा मायक्रोफोन फारसा महाग नसतो. पण तो जोडायला कॅमेऱ्याला भोक पाहिजे, आणि सोनीच्या व पॅनासॉनिकच्या या दोन कॅमेऱ्यांना ते नाही. कॅननच्या कॅमेऱ्याला आहे. निवडीतला खरा पेच तो हा. ज्या कॅमेऱ्यात खोली मावते त्याला मायक्रोफोन लागत नाही, आणि ज्याला लागतो त्यात खोली मावत नाही.

हा पेच ज्याने त्याने आपापल्या गरजेप्रमाणे सोडवायचा आहे. घरात लहान मूल आहे, वाढदिवस, सणवार आणि सहली टिपायच्या आहेत, अशांना रुंद चित्राचा कॅमेरा सोयीचा. सोनीच्या त्या कॅमेऱ्यात आणखी एक सोय आहे. हाताच्या पट्ट्यातच यूएसबीची तार बसवलेली आहे, त्यामुळे चार्जर विसरला म्हणून अडत नाही. घरात वडीलधारी माणसे आहेत, त्यांच्या आठवणी, गाणी, पाककृती त्यांच्याच तोंडून घ्यायच्या आहेत, अशांनी मायक्रोफोन लागणारा कॅमेरा घ्यावा. एका माणसाला समोर बसवून बोलते करायचे तर साडेसात फूट रुंदी पुष्कळ झाली. हातात आधीच मायक्रोफोन न लागणारा कॅमेरा असेल, तर तो टाकून देण्याचे कारण नाही. बोलणाऱ्याच्या शेजारी एखादा मोबाईल आवाज मुद्रित करायला ठेवावा आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. पुढे संगणकावर चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली की दोन्ही एकत्र होतात. सिनेमावाले पाटी आपटतात ती याचसाठी.

आता मोबाईलचा प्रश्न. ज्या भगिनींनी सभेत तो काढला, त्यांचे म्हणणे मला बऱ्याच अंशी पटते. आजच्या चांगल्या मोबाईलचे चित्र कमी उजेडात या तिन्ही कॅमेऱ्यांपेक्षा सरस येते. घरात असा मोबाईल आहे आणि दोन-दोन मिनिटांचीच चित्रणे घ्यायची आहेत, तर निराळा कॅमेरा घेऊ नये. मात्र मोबाईल आडवा धरावा, कारण टीव्ही आडवा असतो. कॅमकॉर्डरचे महत्त्व उरते ते तीन ठिकाणी. दूर बसून झूम करायचा असेल तेव्हा, तास-दीड तासाचा कार्यक्रम न थांबता घ्यायचा असेल तेव्हा, आणि ज्याच्या मोबाईलवर ऐन कीर्तनात फोन येतो अशा माणसाच्या बाबतीत. फोटोचे अनेक कॅमेरेही चित्रण करतात, पण त्यांतले पुष्कळसे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबत. अर्धा तास वा अधिक चित्रण करणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेरा समजून जादा जकात बसे, ती टाळण्यासाठी कंपन्यांनी ही मर्यादा घातली होती. जुना कॅमेरा घेताना एवढे विचारून घ्यावे.

वापरलेला कॅमेरा घेताना आणखी काही पाहावे. सोबत कार्ड न्यावे आणि पाच मिनिटे चित्रण करून तिथेच पाहावे. भिंग उजेडासमोर धरून आत बुरशीच्या रेषा आहेत का ते पाहावे. आपल्या पावसाळी हवेत हा रोग फार. बॅटरी जुनी असेल तर ती अर्ध्या तासात मान टाकते, म्हणून तिच्या जातीची नवी बॅटरी मिळते का याची चौकशी आधी करावी. कार्डाचाही हिशेब ठेवावा. एव्हीसीएचडीच्या उत्तम प्रतीत एका तासाला सुमारे ११ जीबी जागा लागते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर साधारण साडेपाच तास मावतात. सोनीच्या कॅमेऱ्यात याहून दुपटीने जागा घेणारी एक प्रत आहे, तिच्यात तेच कार्ड पावणेतीन तासांत भरते. चित्रण कोणत्या रूपात साठवायचे हे निवडता येत असेल, तर एमपी४ निवडावे, ते कोणत्याही संगणकावर आणि टीव्हीवर सहज उघडते. एव्हीसीएचडीत लांब चित्रण तुकड्यातुकड्यांनी साठते, तेव्हा कार्डावरचे सबंध दप्तर जसेच्या तसे उतरवून घ्यावे, एखादा तुकडा उचलू नये.

कॅमेरा हातात आल्यावर तो चालवायचा कसा, हे थोडक्यात सांगते. कॅमेरा इकडून तिकडे फिरवत राहू नये. एका जागी धरून मनात दहापर्यंत आकडे मोजावेत आणि मगच दुसरीकडे वळावे. झूम चालू चित्रणात मागेपुढे करू नये. म्हाताऱ्या माणसांना "काहीतरी बोला" म्हणू नये, ती गप्प होतात. "तुमच्या लग्नात पंगतीला काय होते?" असे विचारावे, मग थांबवणे कठीण जाते. पंखा बंद, कुकर उतरवलेला, कॅमेरा तिपाईवर किंवा डब्यांच्या उतरंडीवर. आणि चित्रण करण्याआधी त्यांची संमती घ्यावी. आपल्या घरातल्या गोष्टी चार ठिकाणी जाव्यात की नाही, हे ठरवण्याचा हक्क बोलणाऱ्याचा आहे.

शेवटची बाब सांभाळण्याची. कॅमेऱ्याच्या खरेदीत तिचा विचार आधी व्हायला हवा, तो सहसा होतच नाही. घरोघर माळ्यावर व्हीएचएसच्या कॅसेटी पडून आहेत. त्या लावण्याचे यंत्र बनवणारा जगातला शेवटचा कारखानदार, जपानची फुनाई कंपनी, हिने २०१६ च्या जुलैत उत्पादन बंद केले. आज ज्याच्याकडे चालू यंत्र आहे त्याने कॅसेटी लवकर उतरवून घ्याव्यात. त्यांवर दरवर्षी बुरशी चढते आहे, आणि यंत्र दुरुस्त करणारेही कमी होत आहेत. कार्डाचेही तसेच. कार्ड म्हणजे पिशवी, कोठार नव्हे. चित्रण झाले की आठ दिवसांच्या आत ते दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर उतरवावे, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी, लेकीकडे किंवा भावाकडे ठेवावी. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, दोन्ही डिस्क लावून पाहाव्यात आणि चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर नकला कराव्यात. व्हॉट्सअॅपवर आलेली नक्कल ही मूळ प्रत समजू नये. पाठवताना चित्र दाबून लहान केले जाते. मूळ चित्रण ज्याच्या मोबाईलमध्ये आहे त्याच्याकडून ते तारेने उतरवून घ्यावे.

आणि प्रत्येक चित्रणाला नाव द्यावे. लोणच्याच्या बरणीवर आपण चिठ्ठी लावतो, तशी तारीख, गाव आणि दिसणाऱ्या माणसांची नावे लिहावीत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' त्या लोकांपुढे आणत आहे. त्या संग्रहाची किंमत वाढली ती ओवीबरोबर ती म्हणणारीचे नाव आणि गाव लिहून ठेवल्यामुळे. आपले घरचे चित्रण एवढे मोठे नसेल, पण नियम तोच आहे. तीस वर्षांनी पणती विचारील, "ही निळ्या साडीतली कोण?" तेव्हा उत्तर देणारे कोणी नसेल.

आता मंडळाच्या निर्णयाबद्दल माझे मत सांगते. मंडळाने कॅमेरा घ्यावा, कारण आपले कार्यक्रम तासभराच्या वर चालतात आणि आपल्यात सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या सभासद आहेत. परंतु सर्वांत भारी घेऊ नये. मायक्रोफोन लागेल असा साधा हाय डेफिनिशन कॅमेरा घ्यावा, वापरलेला पण पारखून घेतलेला चालेल. वाचलेल्या पैशांतून एक पदराचा मायक्रोफोन, एक तिपाई आणि दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. डिस्क दोन घरी राहाव्यात आणि त्यांची नोंदवही चिटणीसबाईंकडे असावी. कॅमेरा येण्याची वाट मात्र पाहू नये. येत्या महिन्यातच ज्येष्ठ सभासदांची यादी करावी, आणि ज्यांची प्रकृती नाजूक आहे त्यांच्याकडे मोबाईल घेऊनच आधी जावे. मंगळागौरीचे सगळे खेळ आणि त्यांची गाणी येणाऱ्या आपल्या मंडळात आता तीनच जणी उरल्या आहेत. कॅमेरा पुढच्या वर्षी घेतला तरी दुकानात कोणता ना कोणता मिळेल. या तिघींच्या बाबतीत वर्षाचा हवाला आपल्याला देता येणार नाही.

ज्यांना कॅमेरा घेण्यापूर्वी काही विचारायचे असेल त्यांनी अवश्य घरी यावे, आपण बसून माहितीपत्रक वाचू.